सेगा हॉटेलांनी बिघडवला की वाचवला?

विषय मॉरिशसच्या सेगा या नाच-गाण्यावर आला आणि मंदारनं काडी टाकली. "हॉटेलात पाहुण्यांपुढे रंगीत घागरे फिरवतात, तो सेगाच नव्हे. ते बुफेबरोबरचं तोंडी लावणं."

"मग खरा कुठला?" शिरीष.

"फ्रेंचांनी मादागास्कर, मोझांबिककडून गुलाम आणून उसात जुंपले, त्यांचा. गाणं क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या बोलीत, आणि वाद्यं तीन: राव्हान, माराव्हान, लोखंडी त्रिकोण. बास. सगळा खेळ राव्हानचा. लाकडाच्या गोल कड्यावर बकऱ्याचं कातडं, व्यास दोन फुटांच्या आसपास. कातडं कड्याला पक्कं बसवलेलं, ताण वाढवायला ना दोरी ना गट्टे. समुद्राच्या दमट हवेत ते सैल पडलं की भद्द वाजतं. मग हलगी शेकतो तसं शेकायचं. फिरवत राहायचं, एका जागी धरलं तर करपतं. फार तापलं तर आवाज आधी टिपेला चढतो आणि मग कातडं फाटतं. बरं, एकदा शेकून भागत नाही. हवा लागली की उतरलंच."

"म्हणून तर फायबरचं पान लावतात आता. स्टेजवर जाळ कोण करू देणार?"

"लावा की. पण मधला खर्ज गेला."

वैदेही तबला वाजवते, तिनं मात्रांवर आणलं. "सहा मोज, पण दादऱ्याचं वजन आणू नकोस. तळहात मधोमध पडला की खर्ज, बोटं कडेला पडली की कोरडी चाट. सगळी गंमत या दोघांच्या जागांमध्ये. आणि माराव्हानला कमी लेखू नका. उसाच्या तुऱ्याच्या दांड्यांची चपटी पेटी, आत बिया. दोन्ही हातांनी तिरकी करत बिया या कडेहून त्या कडेला सरकवायच्या. नवखा ती वर-खाली हापसतो. बिया एकदम आदळतात, सळसळ तुटते आणि नाचणाऱ्याचा पाय चुकतो. कारण पाय उचलायचाच नसतो, जमिनीला घासत सरकवायचा. हलते ती कंबर. जोडीदार समोर येतात, गुडघे वाकवत खाली जातात, पण एकमेकांना हात लावत नाहीत."

शिरीष ऐकेना. "हे सगळं किनाऱ्याच्या वाळूवरच ठेवलं असतं तर? चर्च नाक मुरडत होतं, बंगलेवाले तोंड फिरवत होते. सेर्ज लब्राससारख्या गायकांनी तो वाद्यवृंदात आणला, रेकॉर्डी निघाल्या, तेव्हा तो घराघरांत गेला. १९६४ साली मॉरिशसमधल्या ल मॉर्नला सेगाची रात्र भरली, त्यात 'ती फ्रेर' नावाच्या गायकाला सेगाचा राजा ठरवलं. तोवर साठी ओलांडली होती त्यानं!"

"राजा केला आणि राव्हान मागच्या रांगेत बसवली. पुढे ड्रमसेट, बेस गिटार, कीबोर्ड. ड्रमवाला दोनच ठोके ठळक काढतो, सहाची लवचिकता जाते. मार्च होतो त्याचा."

"सगळ्यांचा नाही होत. काया नावाचा गायक ऐक." वैदेही मध्ये पडली. "रोश ब्वा वस्तीतला. ऐंशीच्या दशकात त्यानं जमैकाचं रेगे आणि सेगा जोडून सेगे काढलं. गिटार रेगेसारखी उलट्या ठोक्यावर, पण खाली सेगाचे सहा शाबूत. दोनाला तीन भिडतात, म्हणून ते झुलतं. वीजवाद्यं आली म्हणून सेगा गेला, हे त्याच्यापुढे टिकत नाही." फेब्रुवारी १९९९ मध्ये काया पोलीस कोठडीत मेला आणि बेटावर दंगली उसळल्या. त्यावर दोन मिनिटं कुणी वाद घातला नाही.

अण्णांची शंका निराळी. "१८३४ नंतर गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, तिकडे गेले, त्यात आपले कोकणातलेही होते. त्यांचा सेगाशी काय संबंध?"

"सुरुवातीशी नाही," मंदार म्हणाला. "तो आफ्रिकी आणि मालागासी गुलामांचा, तिथं वाटा मागू नये. पण आज गिरमिटियांच्या वंशजांच्याही रोजच्या तोंडी क्रिओलच. क्लॉदिओ वीरारागू हे सेगा गायकाचंच नाव, आडनाव बघा."

शिरीषनं शेवटचा पत्ता टाकला. "२०१४ मध्ये युनेस्कोनं वारशाच्या यादीत घेतला. आता तरी मान."

"घेतला तो पारंपरिक सेगा, राव्हानसकट. तुझा बुफेवाला नव्हे. २०१९ मध्ये हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचा सेगा घेतला, तो तर तातडीनं जपायच्या यादीत. माणसंच बेटांवरून हाकलली, वाजवणार कोण?"

"मग रेकॉर्ड ऐकून ओळखायचं कसं?"

"गायक सोड," वैदेही म्हणाली. "आधी त्रिकोण पकड, तो सगळ्यात वर ऐकू येतो. मग त्याखाली बियांची सळसळ अखंड आहे का बघ. मग खर्ज. तो कातड्याचा असेल तर प्रत्येक थाप थोडी वेगळी लागते. कीबोर्डमधला असेल तर सगळ्या थापा सारख्या."

"आणि सारख्या निघाल्या तर?"

"तर मंदार बरोबर. त्या एका रेकॉर्डपुरता."