रानकोंबड्याच्या पिसांचा तो मेसेज पुढे पाठवू नका

‘सालमन पकडायची खरी कला साहेबांच्या जुन्या सामानातच होती’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. आमच्या मुंबईच्या मासे गरवणाऱ्यांच्या ग्रुपवर तो आला तेव्हा मी सोडून दिला. आता तो चिपळूणला माझ्या मामेभावापर्यंत पोचलाय. त्याने फोन करून विचारलं, “दादा, ती रानकोंबड्याची पिसं आपल्या रानात मिळतील की. मुंबईत घेणारा कोण आहे?” यावर गप्प बसणं मला शक्य नाही.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. सालमन हा परदेशी मासा फक्त रानकोंबड्याच्या अस्सल पिसांच्या ‘फ्लाय’लाच (हुकावरच्या खोट्या आमिषालाच) लागतो. ही पिसं परदेशात हजारो रुपयांना जातात आणि ‘शेवटी कोंबडीच ती’ म्हणून कायदा आड येत नाही. सालमनचा १९२२चा विक्रम जुन्या सामानावर झाला, तो अजून मोडलेला नाही. जुन्या बांबूच्या काठ्या आजच्या ‘प्लास्टिक’ काठ्यांपेक्षा मजबूत, आणि प्लास्टिकमधून वीज जात नाही एवढाच नव्यांचा फायदा. घरातलं जुनं पितळी रील (काठीवरचं दोर गुंडाळायचं चाक) लाखाला विकलं जातं. आणि रावस म्हणजे भारतीय सालमन, म्हणून हे सगळं वरळी-वांद्र्यालाही चालतं.

आधी पिसं. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं, रेशीम आणि जरीची तार गुंडाळून केलेलं खोटं आमिष. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जगभरच्या पक्ष्यांची पिसं बोटींनी येत होती. बायकांच्या टोप्यांवर लागत होती, तीच सालमनच्या फ्लायवरही चढली. त्यात आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस फार मानाचं, कारण त्यावर मेणासारखे चमकणारे पिवळसर-पांढरे ठिपके असतात. ‘जॉक स्कॉट’ या प्रसिद्ध फ्लायच्या दोन्ही गालांवर तेच पीस असतं. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं.

पण सालमनला त्याच पिसाची गरज आहे, हे साफ खोटं आहे. अटलांटिक सालमन अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरला की खाणंच थांबवतो. तो फ्लायवर झडप का घालतो याबद्दल कोणी राग म्हणतं, कोणी जुनी सवय म्हणतं. पण भूक हे कारण नाही. मग पीस सह्याद्रीचं आहे की गावठी कोंबड्याचं, हे तो कशाला तपासेल? स्कॉटलंडच्या डी नदीवर ए. एच. ई. वुड नावाचे गृहस्थ गेल्या शतकाच्या सुरुवातीला अगदी साध्या, विरळ फ्लायवर सालमन काढत. कधी तर पीसच नसलेल्या, दांडीला नुसता लाल किंवा निळा रंग दिलेल्या हुकावर. आज तिथे बहुतेक जण जनावरांच्या केसांच्या किंवा कृत्रिम धाग्यांच्या फ्लाय वापरतात, आणि सालमन त्यांना लागतोच. ही महागडी पिसं माणसाच्या डोळ्यांसाठी आहेत.

त्या हौसेपायी काय होतं ते २००९मध्ये दिसलं. इंग्लंडमध्ये ट्रिंग इथे नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षिसंग्रह आहे. बासरी शिकणाऱ्या एका विशीतल्या विद्यार्थ्याने जूनमधल्या एका रात्री खिडकी फोडून तिथून २९९ पक्ष्यांची कातडी पळवली. काही प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वतः गोळा केलेली होती. कशासाठी? जुन्या पद्धतीच्या सालमन फ्लाय बांधणाऱ्या शौकिनांना पिसं विकायला. पुढे तो पकडला गेला, पण कित्येक पक्षी नोंदचिठ्ठ्या उपटलेल्या अवस्थेत मिळाले, काही मिळालेच नाहीत. चिठ्ठी गेली की पक्षी कुठला आणि कधीचा हे कळत नाही, आणि अभ्यासाला तो कायमचा निरुपयोगी होतो. आणि यातल्या बहुतेक फ्लाय पाण्यात पडतही नाहीत, काचेखाली ठेवल्या जातात.

आता ‘शेवटी कोंबडीच ती’. राखी रानकोंबडा हा वन्य पक्षी आहे आणि त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. फासा लावणं, पकडणं, शरीराचा कुठलाही भाग काढून घेणं, सगळं शिकारीतच मोडतं. मोराची पिसं रस्त्यावर विकतात ना, असं भावाने लगेच विचारलं. मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यात वेगळी सूट आहे, तीही देशातल्या देशात. रानकोंबड्याला ती नाही. आपल्याकडून पक्ष्यांची पिसं बाहेर पाठवायला तर १९०२मध्ये, इंग्रजांच्याच राज्यात, बंदी आली होती. परदेशात आज ही पिसं कायदेशीरपणे मिळतात ती तिथेच पाळलेल्या, पैदास केलेल्या पक्ष्यांची. आपल्या रानातला कोंबडा मारून कोणी ती पाठवली तर तो गुन्हा आहे, आणि तुरुंगात जाईल तो गावातला पोरगा. मेसेज लिहिणारा नाही.

१९२२चा विक्रम खरा आहे. ७ ऑक्टोबरला जॉर्जिना बॅलंटाइन यांनी टे नदीत ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा सालमन काढला, आणि ब्रिटनमध्ये गळाने काढलेल्या सालमनचा तो विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे. पण हा मासा पिसाच्या फ्लायला लागलाच नव्हता. वडिलांसोबत होडीतून ओढलेल्या डेस नावाच्या छोट्या माशाच्या आमिषाला तो लागला. म्हणजे मेसेजने दिलेला पुरावाच त्याच्या पहिल्या दाव्याविरुद्ध जातो. शिवाय आता सालमनच कमी झालेत. २०२३मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने अटलांटिक सालमनला संकटाच्या जवळ पोचलेल्या प्रजातींत टाकलं. विक्रम मोडायला आधी नदीत मासा हवा.

काठ्यांचं म्हणाल तर सहा पट्ट्या चिकटवून केलेली जुनी बांबूची काठी हातात घेतली की तिची लवचीक चाल आवडते, मलाही आवडते. आपल्याकडचा बांबू ‘कलकत्ता केन’ म्हणून अमेरिकेपर्यंत जायचा, नंतर चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. पण ग्रीनहार्ट लाकडाची सालमनची लांब काठी किलोभर वजनाची असायची, आजची पंधरा फुटी कार्बनची पाव किलोच्या थोडी वर. रेशमी दोर रोज वाळवावा लागे, नाहीतर कुजे. रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथीपासून केलेली तार वापरण्याआधी भिजवावी लागे, कोरडी असली तर तटकन तुटे. नायलॉन आल्यावर लोकांनी हे सगळं सोडलं ते उगाच नाही.

आणि ‘प्लास्टिकमधून वीज जात नाही’ हे वाक्य तर जीव घेईल. कार्बन फायबरमधून वीज उत्तम वाहते. विजा कडाडू लागल्या की काठी खाली ठेवा आणि खडकावरून निघा. खाडीपुलाजवळ रेल्वेच्या ओव्हरहेड तारांखाली काठी उभी धरू नका, त्या २५,००० व्होल्टच्या आहेत.

रील: हार्डी कंपनीच्या १८९०च्या दशकातल्या काही ‘परफेक्ट’ रील्सना संग्राहक चांगली किंमत देतात. म्हणून चोरबाजारातलं प्रत्येक काळवंडलेलं पितळ लाखाचं होत नाही. रावस सालमनच्या कुळातला नाहीच, आणि जुन्या काठीच्या पट्ट्या चिकटवणारा सरस खाऱ्या हवेत सुटतो. आपल्या खडकांवर साधी फायबरग्लासची किंवा कार्बनची काठी आणि खारं पाणी सोसणारं रील घ्या, रोज गोड्या पाण्याने धुवा.

मेसेजच्या तळाशी ‘पिसं असल्यास संपर्क करा’ म्हणून एक मोबाइल नंबर आहे. भावाला मी तो पुसून टाकायला सांगितलं आणि वनविभागाचा हेल्पलाइन नंबर दिला: १९२६. तुमच्या गावात कोणी ही पिसं मागत फिरत असेल तर त्याच नंबरवर कळवा.