१४५३ आणि प्रबोधन: पाठ झालेल्या एका विधानाचा प्रतिवाद

इ.स. १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेथील ग्रीक पंडित पोथ्या घेऊन इटलीत पळाले आणि त्या पोथ्यांमुळे युरोपात प्रबोधन सुरू झाले. तुर्कांनी व्यापाराचे मार्ग बंद केल्यामुळे भारताकडे जाणारा सागरी मार्ग शोधावा लागला. आणि प्रबोधनाच्या पोटीच पुढे धर्मसुधारणा जन्मली. हे विधान शाळेच्या वर्गात, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या मजकुरात आपण इतक्यांदा वाचलेले असते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतही नाही. दोनशे वर्षांचा इतिहास एका सनावळीत बसवता येतो, ही त्याची सोय आहे. परंतु या सोयीपायी ही विद्या ज्यांनी कष्टाने मिळवली त्यांची नावेच पुसली जातात, म्हणून ते खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

आधी साधा कालक्रम पाहू. पदुआच्या प्रार्थनागृहातील जोत्तोची भित्तिचित्रे १३०५ च्या सुमारास पूर्ण झाली. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवरील घुमटाचे काम ब्रुनेलेस्कीच्या देखरेखीखाली १४२० मध्ये सुरू होऊन १४३६ मध्ये संपले. याच शहरातील सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चच्या भिंतीवर मासाच्चोने १४२७ च्या सुमारास काढलेले ‘त्रिमूर्ती’ हे चित्र मुद्दाम निरखून पाहण्यासारखे आहे. क्रुसावरील ख्रिस्ताच्या मागे एक कमानदार छत दिसते. त्या छताचे चौकोन आत जाता जाता इतक्या काटेकोर प्रमाणात लहान होत जातात की सपाट भिंतीत खरोखरच एक दालन खोदलेले आहे असा भास होतो. खाली दगडी शवपेटीवर एक हाडांचा सापळा आहे आणि त्याच्यावर इटालियन भाषेत लिहिले आहे की, मी एके काळी तुम्ही आहात तसा होतो आणि मी आज जो आहे ते तुम्हीही व्हाल. भूमिती, रोमन वास्तुरचना, लोकभाषा आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा असा मेळ घालणारा हा चित्रकार १४२८ मध्ये, ऐन तारुण्यात वारला. कॉन्स्टँटिनोपल पडायला तेव्हा पंचवीस वर्षे बाकी होती.

ग्रीक विद्या तरी १४५३ नंतरच आली ना, असे यावर कुणी विचारील. तेही खरे नाही. पेत्रार्क या कवीला १३५४ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलहून होमरची मूळ ग्रीक पोथी भेट मिळाली. त्याला ग्रीक वाचता येत नव्हते. होमर माझ्यापुढे मुका आहे, किंबहुना मीच त्याच्यापुढे बहिरा आहे, अशा आशयाचे पत्र त्याने पोथी पाठवणाऱ्याला लिहिले आणि आपण ती पोथी वारंवार उराशी धरतो, हेही कळवले. पोथी हाती असून ती वाचणारा नाही, ही अवस्था पाहिली म्हणजे नुसत्या पोथ्या येण्याने प्रबोधन होत नाही हे ध्यानात येते. पुढे फ्लॉरेन्सचा मुख्य सचिव कोलुच्चो सालुताती याने मानुएल क्रिसोलोरास या बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्यातील, पंडिताला आग्रहाने बोलावून घेतले आणि १३९७ पासून तीन वर्षे त्याने तेथे सरकारी पगारावर ग्रीक शिकवले. लिओनार्दो ब्रुनी तेव्हा कायदा शिकत होता. कायद्याचे शिक्षक वाटेल तेवढे आहेत, ते केव्हाही मिळतील, पण ग्रीक शिकवणारा हा एकच आहे आणि सातशे वर्षांत इटलीत कुणाला ही भाषा आलेली नाही, असा विचार करून आपण त्याच्याकडे गेलो, असे त्याने पुढे आठवणींत लिहिले. प्रबोधनाचे मूळ कारण मला या तरुणाच्या ओढीत दिसते.

शिवाय प्रवास एकाच दिशेने होत नव्हता. ग्वारिनो हा व्हेरोनाचा विद्वान स्वतः कॉन्स्टँटिनोपलला जाऊन काही वर्षे ग्रीक शिकून आला. जोव्हान्नी आऊरिस्पा १४२३ मध्ये तेथून परतला तेव्हा त्याच्याबरोबर २३८ ग्रीक हस्तलिखिते होती. १४३८–३९ च्या फेर्रारा-फ्लॉरेन्स धर्मपरिषदेसाठी तर खुद्द बायझंटाईन सम्राट, प्लेथॉन आणि बेसारियन यांच्यासारख्या विद्वानांसह, इटलीत येऊन राहिला होता. तुर्कांचा दबाव वाढत होता आणि पश्चिमेची मदत हवी होती म्हणूनच बायझंटाईन मंडळी इटलीकडे येत होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण हा दबाव अनेक दशकांचा होता आणि त्याचा लाभ उठवण्याची तयारी इटलीत आधीच झालेली होती.

या विधानात प्रबोधन म्हणजे केवळ ग्रीक असेही गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात त्याचा पाया लॅटिनचा होता, आणि त्या पोथ्या पश्चिम युरोपातल्याच मठांत धूळ खात पडल्या होत्या. सिसेरोची पत्रे पेत्रार्कला १३४५ मध्ये व्हेरोनात सापडली. पोज्जो ब्राच्चोलिनीने १४१६ मध्ये सेंट गॅलच्या मठात क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाचा संपूर्ण ग्रंथ शोधला आणि पुढच्याच वर्षी ल्युक्रेशियस या रोमन कवीचे काव्य उजेडात आणले.

तुर्क विद्येचे वैरी होते, हा या कथेचा न बोललेला भाग. शहराच्या लुटीत ग्रंथांची हानी झाली, हे नाकारता येणार नाही. मात्र ते शहर जिंकणाऱ्या दुसऱ्या मेहमेदच्या ग्रंथसंग्रहात ‘इलियड’ची ग्रीक प्रत होती, त्याच्या कारकिर्दीचा इतिहास क्रितोवुलोस याने ग्रीकमध्ये लिहून त्यालाच अर्पण केला, आणि १४८० मध्ये त्याचे व्यक्तिचित्र व्हेनिसच्या जेंतिले बेल्लिनीने काढले.

व्यापारमार्गांचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. मिरी प्रामुख्याने अलेक्झांड्रिया आणि बैरुत येथून युरोपात जाई, आणि ती बंदरे १५१६–१७ पर्यंत तुर्कांच्या नव्हे, तर इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या मामलुक सुलतानांच्या ताब्यात होती. व्हेनिसने १४५४ मध्येच मेहमेदशी तह करून व्यापार चालू ठेवला. पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतील सेउता १४१५ मध्ये घेतले आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बोजादोरचे भूशिर १४३४ मध्ये ओलांडले; म्हणजे ज्या वाटेने ते १५१० मध्ये गोव्यात येऊन ठाकले, ती वाट त्यांनी आधीच धरली होती.

मग १४५३ ला काहीच महत्त्व नाही का? आहे. आर्गिरोपुलोस, लास्कारिस यांच्यासारखे शिक्षक त्यानंतर इटलीत आले आणि त्यांनी पुढच्या पिढ्या घडवल्या. तोवर कार्डिनल झालेल्या बेसारियनने आपल्या लोकांची विद्या नष्ट होऊ नये म्हणून झपाटल्यासारख्या पोथ्या जमवल्या आणि १४६८ मध्ये आपला संग्रह व्हेनिसला दिला. ही वाचवणुकीची कामगिरी मोठी आहे. तिला आरंभाचे श्रेय देणे मात्र चूक आहे.

राहिला धर्मसुधारणेचा धागा. तो खरोखरच ग्रीक विद्येशी जुळलेला आहे, आणि तो उलगडत गेल्यास १४५३ च्या मागेच जातो. लोरेंझो व्हाल्ला या इटालियन विद्वानाने १४४० च्या दशकात लॅटिन बायबल मूळ ग्रीक पाठाशी ताडून पाहिले. त्याची टिपणे इरॅस्मस या डच विद्वानाला लूव्हेनजवळच्या एका मठात १५०४ मध्ये सापडली आणि त्याने ती छापली. १५१६ मध्ये इरॅस्मसने बाझेल येथे ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला. लॅटिन पाठातील ‘प्रायश्चित्त करा’ या शब्दांमागे ग्रीकमध्ये मनाचा पालट सांगणारा शब्द आहे, हे आपल्याला ग्रीक जाणणाऱ्या विद्वानांमुळे कळले, असे मार्टिन ल्यूथरने १५१८ मध्ये लिहिले. धर्मसुधारणेची ठिणगी ठरलेल्या त्याच्या १५१७ च्या ९५ प्रबंधांपैकी (वादासाठी मांडलेल्या विधानांपैकी) पहिला याच वचनावर आहे. १५२२ मध्ये निघालेल्या त्याच्या जर्मन नव्या करारासाठी त्याने इरॅस्मसचीच दुसरी आवृत्ती वापरली. इरॅस्मसने बाझेलमध्ये वापरलेली बहुतेक ग्रीक हस्तलिखिते तेथल्या डोमिनिकन मठातील होती. ती मठाला मिळाली होती स्तोयकोविच या रागुझाच्या (आजच्या डुब्रॉव्हनिकच्या) धर्मगुरूकडून. बाझेलच्या धर्मपरिषदेचा दूत म्हणून तो १४३५ ते १४३७ या काळात कॉन्स्टँटिनोपलमध्ये राहिला होता, तेथून त्याने पोथ्या आणल्या आणि १४४३ मध्ये मरताना त्या मठाच्या स्वाधीन केल्या.