पीठ खाईल तेवढं पाणी

उपक्रमाचं नाव कागदावर फार गोड दिसतं : 'आमच्या घरचा पारंपरिक पदार्थ'. मुलांनी आजीकडून पाककृती लिहून आणायची, वर्गात सगळ्यांनी मिळून तो पदार्थ करायचा आणि करता करता गणित, परिसर अभ्यास, भाषा सगळं शिकायचं. वर खायला मिळणार. 'अध्ययन निष्पत्ती'च्या रकान्यात लिहायला इतकं सापडतं की रकाना पुरत नाही. अडचण एवढीच, की मराठी घरातल्या आजीने आजवर कुणालाही कशाचंही प्रमाण सांगितलेलं नाही.

मुलांना तीन रकान्यांचा तक्ता द्यावा : साहित्य, प्रमाण, कृती. पहिला आणि तिसरा भरून येतो. मधल्या रकान्यात येतं 'अंदाजाने', 'चवीपुरतं', 'हाताला कळतं', आणि या सगळ्यांचा मुकुटमणी, 'पीठ खाईल तेवढं पाणी'. यावर चौथीतल्या मुलाचा प्रश्न बिनतोड असतो : "बाई, पीठ किती खातं?" बी.एड., डी.एड. सगळं करून झालं तरी याचं उत्तर कुठल्या पेपरात येत नाही.

पदार्थ कुठला, यावर मतदान घेऊ नये. मतदानात मॅगी निवडून येते, आणि चिठ्ठीवर ती लिहिणारा खोटं बोलत नसतो. चकली-करंजी म्हणजे वर्गात कढत तेल, म्हणून बाद. पुरणपोळी म्हणजे डाळ शिजवणं, पुरण वाटणं, कणीक मळून मुरवणं आणि पोळी तव्यावर पालथी घालताना मुलांनी धरलेला श्वास. ३५ मिनिटांच्या तासिकेत त्यातलं पहिलंच काम होतं. उरतात उकडीचे मोदक. आग लांब, काम हाताचं, आणि गणित पोटभर. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या घरांतली मुलं 'आमच्याकडे तळणीचेच' म्हणतात. त्यांचं बरोबर असतं. तेलाचं कारण सांगावं, पुढे जावं.

आता प्रमाण. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं की 'वाटीला वाटी' एवढा तरी आकडा हाती लागतो. एक वाटी तांदळाची पिठी, एक वाटी पाणी. मुलांना घरून वाटी आणायला सांगावी. ४० मुलं, ४० वाट्या : आमटीची, कोशिंबिरीची, बाळाला भरवायची, बारशाच्या आहेरातली, आणि एक हमखास तुपाची, नैवेद्याच्या ताटातून उचललेली. मोजपात्राने प्रत्येकीत पाणी ओतून बघितलं की एकीत ९० मिलीलीटर मावतं, दुसरीत २००. सगळ्यांचं नाव मात्र वाटीच. मग मुलांना कळतं की वाटी कुठलीही चालते, पण पिठीला आणि पाण्याला तीच हवी. हा गुणोत्तराचा पाठ आहे आणि तो पुस्तकात यायच्या आधीच उरकतो.

खरी मेख पुढे आहे आणि तिच्यात शिक्षक स्वतः अडकतो. ४० मुलांसाठी वाट्या मोजत कोण बसणार, म्हणून आपण किलो-लीटरवर येतो. वाटीला वाटी म्हणजे किलोला लीटर, असा सरळ हिशेब फळ्यावर मांडतो आणि ६०० ग्रॅम पिठीत ६०० मिलीलीटर पाणी घालतो. उकड होत नाही, वाळू होते. कारण पिठी पोकळ असते. दीडशे मिलीलीटरच्या वाटीत पाणी दीडशे ग्रॅम मावतं, पिठी मात्र नव्वद-पंचाण्णव ग्रॅमच. म्हणजे वाटीला वाटी याचा वजनातला अर्थ ६०० ग्रॅमला जवळजवळ एक लीटर. वाटी ठोकून ठोकून भरली तर पिठी वाढते, चाळून हलकी भरली तर कमी होते. तांदूळ जुना असेल तर पाणी थोडं जास्त लागतं, नवा असेल तर कमी. एवढं सगळं एका वाक्यात सांगायचं झालं तर काय म्हणाल? 'पीठ खाईल तेवढं पाणी.' आजीवरचा राग इथे थोडा उतरतो.

मिठाची चिमूट मोजायचा प्रयोग मात्र जरूर करावा. स्वयंपाकघरातला वजनकाटा ग्रॅमच्या पायरीने चालतो. त्यावर एका मुलाची चिमूट टाकली तर काटा शून्यच दाखवतो, आणि त्या मुलाच्या चेहऱ्यावर आपण जन्माला आलोच नाही असा भाव येतो. ४० जणांनी एकामागोमाग चिमूट टाकली की पंधरा-सोळा ग्रॅम भरतं. भागिले ४०. चिमटीचं वजन निघालं. सरासरी म्हणजे काय, हे याहून स्वस्तात शिकवता येत नाही, फक्त ते मीठ नंतर कुणाच्या नाकात जाणार नाही एवढं बघावं.

बाजारहाट अशी : पिठी पाऊण किलो (६०० ग्रॅम लागणार, बाकीची सांडणार), नारळ तीन, गूळ अर्धा-पाऊण किलो, वेलदोडे, तूप, हळदीची पानं. पिठी आंबेमोहोराची असेल तर वासावर शेजारचा वर्गही येतो. तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून, बारीक दळलेला हवा. भाकरीची पिठी आणली तर कडा फाटतात. तीन नारळांवर चौथा घ्यावा, कारण एक नारळ खोवतानाच संपतो. विळी अर्थातच मोठ्यांच्या ताब्यात. खोवलेल्या नारळाला आपल्याकडे 'चव' म्हणतात. तो चव पुल्लिंगी आणि जिभेची चव स्त्रीलिंगी, असा व्याकरणाचा पाठही फुकटात होतो. 'बाई, आम्ही फक्त चव बघत होतो,' हे वाक्य दोन्ही लिंगांत खरं असतं.

मग वीज. इंडक्शन शेगडी आणायची टूम कुणीतरी काढतंच. वर्गातला प्लग ६ अँपिअरचा, शेगडी २००० वॉटची. २३० व्होल्टला ती जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते. पाण्याला आधण येण्याआधी मजल्यावरचे पंखे थांबतात आणि शाळेभर टाळ्या पडतात. शेगडी १२०० वॉटवर ठेवली तर सव्वापाच अँपिअरमध्ये भागतं, लीटरभर पाणी पाच-सहा मिनिटांत उकळतं आणि मुख्याध्यापकांच्या केबिनमधला पंखाही फिरत राहतो. पण मोदकपात्र बहुधा ॲल्युमिनियमचं, त्याला ही शेगडी ओळखच देत नाही. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटला तर भांडं चालतं, नाही तर नाही. मुलं पुढची दहा मिनिटं शाळेतल्या प्रत्येक वस्तूला चुंबक लावून बघतात, त्यात शिपाईकाकांची घंटाही सुटत नाही. तात्पर्य, वाफवायचं काम पोषण आहाराच्या खोलीतल्या गॅसवर न्यावं. तिथल्या ताई रोज शेकडो मुलांची खिचडी शिजवतात, त्यांना ४० मोदकांचं काय! माणशी १०० ग्रॅम तांदूळ हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का, आधी चाखणाऱ्याची 'चव नोंदवही'त सही घेतल्याशिवाय पातेलं बाहेर काढू देत नाहीत. शाळेत स्वयंपाकाचं शास्त्र जाणणारी तेवढी एकच व्यक्ती असते आणि उपक्रमाच्या फोटोत ती नेमकी कडेला कापली जाते.

उकड शिक्षकाने काढावी. पाणी खळखळून उकळलं पाहिजे, त्यात मीठ, चमचाभर तूप, मग पिठी एकदम. भराभर ढवळून झाकण, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ, मग आच बंद करून तसंच पाच मिनिटं. घाई करू नये. गव्हासारखा चिवटपणा तांदळात नाही, ग्लुटेनच नाही. पिठाला जो काही धरबंध येतो तो तांदळातला स्टार्च उकळत्या पाण्यात शिजून चिकट झाल्यामुळे. पाणी नुसतं गरम असेल तर पीठ भिजतं, शिजत नाही, आणि पुढे प्रत्येक पारी, म्हणजे सारण भरायची वाटी, भेगाळते. मळायचंही गरम असतानाच. किती गरम? 'हाताला सोसेल इतपत.' कुणाच्या हाताला, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा. आजीच्या हाताला जे सोसतं त्यावर आपण ओरडतो. स्टीलच्या पेल्याच्या बुडाला तेल लावून आधी रगडून घ्यावं, कोमट झाल्यावर गोळे मुलांच्या हवाली करावेत, बाकीच्यावर ओलं फडकं. फडकं बाजूला राहिलं तर दहा मिनिटांत वर साय धरते.

सारणाचं थोडक्यात सांगते : दोन वाट्या चव, एक वाटी चिरलेला गूळ, मंद आच. ओलं राहिलं तर वाफेवर मोदकाला पाझर फुटतो, जास्त आटलं तर थंड झाल्यावर चिक्की. कडा सोडायला लागलं की उतरवावं आणि पूर्ण गार करून भरावं.

आता कळ्या. कळ्या विषम हव्यात, ११ किंवा २१, असं घरोघरी सांगतात. उत्साहाच्या भरात फळ्यावर वर्तुळ काढून मी ३६० भागिले ११ करायला घेते. उत्तर ३२.७२७२... आणि ते ७२ काही संपायचं नाव घेत नाही. वर्ग चौथीचा, आणि मी आवर्ती दशांशाच्या दारात उभी. २१ ने भागून बघितलं तर आणखी वाईट. कंपासपेटीतून मोदक होत नाही. अंगठा खाली, दोन बोटं वर, बोट तेल-पाण्यात बुडवायचं, चिमटी घ्यायची, जरा सरकायचं, पुन्हा चिमटी. बारा झाल्या तर एक मोडायची, की विषम.

सराव आदल्या दिवशी करून घ्यावा, पण कणकेवर नको. कणीक ताणली तरी सोसते, मूल खूश होतं, आणि दुसऱ्या दिवशी उकड त्याच हातांत फाटते. शाडूची माती बरी, ती उकडीइतकीच तुसडी असते. मुलांची पारी नेमकी उलटी होते : मध्ये, जिथे अंगठा रुततो तिथे कागदासारखी पातळ आणि कडेला भाकरीसारखी जाड. कडा पातळ, मध्य जाड हवा. तेल लावलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावर गोळा थापून कडेकडेने दाबत गेलं की जमतं. हाताने काम करत शिकणं बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला अंगणात आणि कुरणात नेलं. त्यांचं आडनाव रोमन लिपीत लिहिलं की थेट आमच्या पदार्थासारखंच दिसतं. आमच्या वर्गात मोदकाचं मोडक व्हायला लिपी बदलावी लागत नाही.

मोदक तयार झाले, गार पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर मांडले. (हे बुडवणं विसरलं तर बूड पानाला आणि बाकीचा मोदक हातात.) इथे सगळ्यात मोठं संकट सुरू होतं. प्रत्येकाला स्वतःचाच मोदक हवा असतो. वाफेवर फुगून आल्यावर सगळे सख्खे भाऊ दिसतात. नावाच्या चिठ्ठ्या विरघळतात, केशराची काडी सगळेच लावतात. त्यावर तोड म्हणजे फळ्यावर चाळणीचा नकाशा : आडव्या ओळी क, ख, ग, उभ्या १, २, ३. प्रत्येकाने आपला पत्ता पाठ करायचा. "बाई, मी ग-२." नकाशावाचनाचा असा उत्साह भूगोलाच्या तासाला कधी दिसत नाही. फक्त चाळणी पात्रात ठेवताना ताई ती त्यांच्या सोयीने फिरवतात आणि अख्ख्या नकाशाची उत्तर दिशा हरवते. म्हणून पान ठेवताना देठ उत्तरेला ठेवावं, शिजून मऊ पडलं तरी ते ओळखू येतं. एका पात्रात दहा-बारा, एका घाण्याला बारा मिनिटं, म्हणजे चार घाण्यांचा हिशेब तासाच्या आसपास जातो. चौथ्या घाण्यातल्या मुलांना त्या वेळात काहीतरी काम द्यावं, नाही तर ती पहिल्या घाण्याचं सांत्वन करायला निघतात.

फसलेल्यांचं काय? कळ्या न जमलेल्या मोदकाची पारी दुमडून कडा दाबली की उकडीची करंजी होते, आणि 'मला करंजीच करायची होती' असं ठामपणे सांगता येतं. फाटलेली, तिसऱ्यांदा मळलेली, थोडी राखाडी झालेली उकड उरते ती फेकू नये. तिच्यात हिरवी मिरची, जिरं, मीठ, कोथिंबीर घालून चपट्या निवगऱ्या थापाव्यात आणि शेवटच्या घाण्याबरोबर वाफवाव्यात. गोडाने तोंड मिटलेली मुलं त्यांच्यावर तुटून पडतात, अहवालासाठी फोटो काढायला एकही शिल्लक राहत नाही. पाककृती पुन्हा करून बघायची म्हणून मुलं लगेच तक्ता भरायला बसतात. पदार्थ : निवगऱ्या. साहित्य : उकड. प्रमाण : उरेल तेवढी.