अर्धा मायक्रॉन श्रीमंती

सोन्याचं पाणी दिलेलं घड्याळ घ्यायचं ठरवलंत, उत्तम केलंत. भरीव सोन्याचं घड्याळ घेणाऱ्याला सल्ला लागत नाही, लॉकर लागतो. साधं स्टीलचं घेणाऱ्याला नुसती वेळ बघायची असते, म्हणजे तो गरजू माणूस. तुमचा हेतू या दोघांपेक्षा वरचा आहे. मांडवात नमस्काराला हात जोडले की समोरच्याची नजर आधी मनगटावर आणि मग सवडीने चेहऱ्यावर जावी, एवढंच तुमचं मागणं.

किंवा तुम्ही सासरे असाल. धोंड्याचा महिना लागला, ३३ अनारसे तळून झाले, आणि जावयाच्या ताटात सोन्याचं काहीतरी हवं असा घरातून सूर निघाला. अंगठीचा हिशेब सराफाने कागदावर मांडून दाखवल्यावर तुम्ही त्याच रस्त्यावरच्या घड्याळाच्या दुकानात शिरलात. योग्य केलंत. अधिक मास साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो. पिवळेपणा तेवढा टिकला की पुरे. त्यापुढचं पुढच्या धोंड्याला बघू.

दुकानात एक पथ्य पाळा: किती मायक्रॉन, असं विचारू नका. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि स्वस्त घड्याळांवरचा सोन्याचा थर अनेकदा अर्धा मायक्रॉनसुद्धा भरत नाही. हिशेब करायचाच असेल तर घरी, दार लावून करा. घड्याळाच्या केसचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, पृष्ठभाग २० चौरस सेंटिमीटर धरा, थर अर्धा मायक्रॉन धरा. सोनं अगदी शुद्ध मानलं तरी वजन येतं १९ मिलिग्रॅम. आपली गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची. म्हणजे गुंजेचा सहावा हिस्सा सोनं, आणि ते जागेवर ठेवायला भरपूर पितळ. १९६३ साली अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी घातली होती, लोकांनी सोन्याचा मोह सोडावा म्हणून. सोनारांचे हाल झाले, मोह काही सुटला नाही. विद्युत विलेपनाच्या, म्हणजे विजेने मुलामा चढवायच्या, टाकीने तोच प्रश्न कसा सोडवला बघा: मोह जागच्या जागी ठेवला आणि सोनं काढून घेतलं.

या चर्चेत आजोबांचं घड्याळ आणू नका. त्या जुन्या स्विस घड्याळांवर कुठेतरी ‘२० मायक्रॉन’ असं कोरलेलं सापडतं, म्हणजे तुमच्या घड्याळाच्या चाळीसपट, आणि साठ वर्षं घालूनही त्यांच्या कडा पिवळ्या असतात. एचएमटीचं ‘सोना’ ज्यांच्या घरी होतं त्यांना ते किल्ली देण्याचं सडपातळ प्रकरण आठवत असेल; कार्याला कपाटाबाहेर यायचं, कार्य झालं की परत आत. त्या पिढीला वस्तू टिकवायची खोडच होती. तुम्हाला फोटो टिकवायचा आहे.

विक्रेता ‘आयपी’ किंवा ‘पीव्हीडी’ म्हणाला तर मात्र सावध व्हा, कारण तो तुम्हाला टिकाऊ माल देण्याच्या बेतात आहे. यात निर्वात पेटीत धातूची वाफ करून थर बसवतात, आणि पिवळा रंग पुष्कळदा टायटॅनियम नायट्राइडचा असतो. हार्डवेअरच्या दुकानात ड्रिलची सोनेरी बिटं टांगलेली असतात, त्यांच्यावर तेच. स्टीलपेक्षा कितीतरी कठीण. घामाला, घासण्याला दाद देत नाही. वरून कधीकधी खऱ्या सोन्याचा चवीपुरता थर देतात, तोही रंग जुळावा म्हणून. थोडक्यात, जो पिवळेपणा टिकतो त्यात सोनं जवळपास नसतं, आणि ज्यात सोनं असतं तो टिकत नाही. तुम्ही ‘प्लेटेड’च मागा. ड्रिलच्या बिटाला सोनं म्हणून मिरवणं ही फसवणूक झाली. पितळेला मिरवणं ही परंपरा आहे.

आता वापर. मुलामा टिकण्याच्या आड फक्त तुम्ही येता. सोनं गंजत नाही. बिचारं घासून जातं. थर पातळ, त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं; त्यातून घामातलं मीठ खाली पोचतं आणि पितळ आतल्या आत हिरवं पडू लागतं. म्हणून कारखानदार मध्ये निकेलचा थर देतात, म्हणजे पितळेतलं तांबं वर सरकत नाही. पुढे सोनं उडालं की हे निकेल थेट कातडीला लागतं आणि काहींना खाज सुटते. खाजवायला हात वर येतो, घड्याळ चारचौघांना दिसतं. तोटा कशातच नाही.

तरीही घाम टाळलेला बरा. मुंबई-कोकणात राहत असाल तर महाबळेश्वरला बदली मागा. मे महिन्यातल्या लग्नाची पत्रिका आली की मुहूर्त नंतर वाचा, हॉलला एसी आहे का ते आधी बघा. अत्तर उजव्या मनगटाला. पूर्ण बाह्यांचा शर्ट वर्ज्य, कारण कफ दिवसभर त्याच कडेवर घासतो आणि वर घड्याळ झाकतो, म्हणजे दुहेरी नुकसान. लोकलमध्ये वरची कडी उजव्या हाताने धरा आणि डावा छातीशी घ्या. लोक प्लॅस्टर समजून जागा देण्याचीही शक्यता आहे. पितळ उघडं पडायची सुरुवात होते ती पट्टा जिथे जोडलेला असतो त्या कोपऱ्यांवर आणि खालच्या बकलवर. कीबोर्डपुढे मनगट टेकवून बसणाऱ्यांचं बकल सगळ्यांत आधी जातं. तेव्हा मनगट टेकवावं लागणार नाही अशी नोकरी बघा. साहेबच झालात तर प्रश्नच मिटला.

रंगाचं एक बारीक दुखणं आहे. आपला डोळा २२ कॅरेटच्या पिवळ्याला सरावलेला, आणि परदेशी धाटणीचा मुलामा बहुधा १८ कॅरेटच्या वळणाचा, फिकट. शेजारच्या बोटात खरी अंगठी असली की चुगली होते. म्हणून त्या हातात खरं सोनं घालू नका. असेल तर विका. एका अंगठीत अशी घड्याळं जन्मभर पुरतील इतकी येतात. अगदीच निर्णय होत नसेल तर मधल्या कड्या पिवळ्या आणि बाजूच्या स्टीलच्या अशी दुरंगी चेन घ्या. खाली सगळं स्टील असेल तर कालांतराने ती आपोआप एकरंगी होते.

लोकांचं म्हणाल तर सराफाला भिऊ नका. त्याला लांबूनच कळतं, आणि धंद्याची रीत म्हणून तो गप्प बसतो. भ्यायचं ते चुलत सासूबाईंना. त्या मनगट हातात घेतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि अंगठ्याने कड घासत ‘केवढ्याला पडलं?’ असं विचारतात. ‘भेट आलंय’ म्हणा. आकडा सांगायचा नाही, खराही नाही आणि फुगवलेलाही नाही.

वॉरंटी कार्ड जपून ठेवा, वाचू नका. हमी बहुधा आतल्या मशीनची असते. काच, पट्टा आणि मुलाम्याची झीज वगळलेली असते. जे कुणाला दिसत नाही त्याची जबाबदारी कंपनीने घेतलेली आहे. जे दिसावं म्हणून तुम्ही पैसे मोजलेत ते तुमचं तुम्ही बघा.

कोपरे गेले तर पुन्हा पाणी चढवून मिळतं. घड्याळजी मशीन बाहेर काढतो, केस घासून पॉलिश होते, मग टाकीत जाते. या घासण्यात धारदार कडा बोथट होतात आणि मागे कोरलेली अक्षरं पुसट होतात. मागे ‘पतपेढीकडून सभासदास सप्रेम भेट’ असं कोरलेलं असेल तर खर्च वसूल झाला म्हणून समजा.

सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे घालूच नका. मखमलीच्या डबीत मुलामा वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो. मात्र संपलेला सेल आत विसरलात तर तो पाझरतो आणि मशीन खातो. म्हणून सेल काढून टाका आणि काटे दहा वाजून दहा मिनिटांवर आणून ठेवा, जाहिरातीत तसेच असतात. लग्नापुरतं बाहेर काढायचं, उजव्या हाताने अक्षता टाकायच्या, डावा कॅमेऱ्याकडे. मुहूर्ताला किती मिनिटं राहिली असं कुणी विचारलंच तर गुरुजींकडे बोट दाखवा. त्यांच्या मनगटावर काळं, प्लॅस्टिकचं डिजिटल असतं, आणि ते चालू असतं.