सत्तावन्न टक्क्यांत पास, पुढच्यांना फर्स्ट क्लास कंपल्सरी

लोकांच्या हातातला अधिकार काढून घ्यायचाय? मग पोलीस-बिलीस कशाला, उगाच बोभाटा होतो. लोकांनाच मत द्यायला लावायचं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या आमदारांकडून शिका जरा.

तिकडे राज्याची स्वतःची वेगळी घटना असते, नागरिकांनी पुरेशा सह्या गोळा केल्या की घटनादुरुस्ती थेट मतदानाला जाते आणि 2006 पर्यंत निम्म्यापेक्षा एक मत जास्त पडलं तरी पास. आता एवढं सोपं ठेवलं की लोक शेफारतातच ना. 2000 साली बुलेट ट्रेन मागितली (ती 2004 ला परत मतदान घेऊन रद्द!), आणि 2002 ला तर गाभण डुकरिणीलाच घटनेत नेऊन बसवलं, म्हणजे तिला वळता पण येणार नाही इतक्या अरुंद जागेत कोंडायचं नाही असं चक्क राज्यघटनेत लिहिलंय. तेव्हा पहिलं काम, एक डुकरीण शोधून ठेवा. त्याच मतदानात लोकांनी शाळेच्या वर्गात पोरं कमी ठेवा असंही सांगितलं होतं, पण ते अजिबात काढायचं नाही, भाषणात फक्त डुकरीण. हशा पिकला की कागद कोण वाचतोय.

मग ठरावाला गोड नाव द्या. यांनी दिलं, घटनादुरुस्तीला व्यापक जनाधार हवा. व्यापक जनाधाराला नको कोण म्हणणार, सांगा! आतला मजकूर एवढाच की यापुढे 60 टक्के मतं लागतील, म्हणजे आपल्याकडचा फर्स्ट क्लास.

नोव्हेंबर 2006 ला मतदान झालं. या ठरावाला स्वतःला किती पडले? 57.8. सेकंड क्लास! पण टेन्शन नाही, त्या दिवशी जुनाच नियम चालू होता ना, त्यामुळे साहेब आरामात पास, आणि आत गेल्या गेल्या दाराला कडी. 2014 ला औषधी गांजाचा ठराव आला, 57.6, नापास, बिचाऱ्याला 2016 ला परत परीक्षेला बसावं लागलं. 2024 ला गर्भपाताच्या हक्काला 57 पडले, तोही नापास.

फक्त एक सांभाळा. 2023 ला तिकडच्याच ओहायो राज्याच्या आमदारांनी हाच पेपर कॉपी केला, साठ टक्केच, आणि मतदान ठेवलं भर ऑगस्टात, लोक सुट्टीच्या मूडमध्ये असताना. ऑगस्टातली बहुतेक मतदानं आपणच नुकतीच कायदा करून बंद केलीत हे पण विसरले. लोक आले की हो, आणि 57 टक्क्यांनी नाही म्हणून गेले. आकडा बरोब्बर आणला होता, बाजू तेवढी चुकली. डुकरीण नव्हती ना त्यांच्याकडे.