लाईट गेली अन् गाणं बंद

आज मिस्सावरनं, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेवरनं, आलोय ते डोकं फिरवूनच. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालूय, बाहेर सोलापूरचं ऊन, आत पेनड्राईव्हवर गाण्यांचा ट्रॅक. 'पवित्र, पवित्र' या गाण्याच्या मधोमध लाईट गेली. स्पीकर बंद, गाणं बंद. भरलेलं चर्च आणि एकाच्याही तोंडातनं पुढची ओळ निघेना! सगळे फॅनकडं बघत उभे. अरे, देवाला गाणं आपण म्हणायचं का स्पीकरनं?

मला आजीच आठवली. आजोबा मिलमध्ये, आजी अंगठेबहाद्दर, पण बेनेडिक्शनचं, म्हणजे पवित्र भाकरीच्या आराधनेचं, 'तान्तुम एर्गो' हे लॅटिन गाणं तोंडपाठ. ती 'तंतू मेर्गो' म्हणायची, त्यामुळं मला लई दिवस वाटायचं हे मागावरच्या सुताचंच गाणं आहे, मिलवाल्यांसाठी केलेलं. सेंट थॉमस अक्वायनसनं 13 व्या शतकात लिहिलंय हे कळायला कॉलेज उजाडलं. लाईट तेव्हापण जायचीच की! अंधारात आजी तशीच पुढं जायची आणि तिच्या मागनं अख्खं चर्च.

मान्य, लॅटिनचा अर्थ तिला ओ की ठो कळत नव्हता.

आणि मला जुनाट म्हणू नका. मराठी गाणी पाहिजेतच, पेटी-तबलापण पाहिजे. फादर स्टीफन्स इंग्लंडहून येऊन ख्रिस्ताची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचतात, 1616 ला ते छापलं जातं, कारण ओवी लोकांच्या तोंडात आधीच बसलेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, 1963 ला ग्रेगोरियन गायनाला (चर्चचं जुनं लॅटिन गायन) पहिला मान दिला, त्याच कागदात देशोदेशीच्या संगीतालाही जागा दिली. पण टेप लावा असं कोण म्हणालं? उलट 1958 लाच रोमनं लिहून दिलंय, उपासनेत ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर चालणार नाही. पेनड्राईव्ह म्हणजे त्याचाच नातू ना? आणि उपवासकाळात वाद्यंसुद्धा फक्त गाण्याला आधार द्यायला असतात, आपल्याकडं ढॅणढॅण बीट!

कीबोर्डवाल्या पोराला बोलत नाहीये हां. तो दर रविवारी येतो तरी. क्वायर, म्हणजे चर्चचा गाणाऱ्यांचा गट, कधीच मोडलाय, सरावाला यायला कुणाला वेळ नाही.

बरं, मी काय केलं? मीपण गप्पच उभा होतो. आजीच्या शेजारी उभं राहून इतकी वर्षं म्हटलेलं, आणि आज दुपारी घरी 'तंतू मेर्गो' म्हणून बघितलं तर दोन ओळी आल्या, पुढं नुसता सूर.

कुणाच्या घरी जुनं लॅटिन गाण्यांचं पुस्तक असेल तर पानांचे फोटो टाका. फाटकं असलं तरी चालेल.