ड्राइव्हचा गिअरबॉक्स घरी बनवायचा? आधी दात मोजू

रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेची तयारी सुरू झाली की एक सल्ला हमखास फिरतो: ‘विकतचा गिअरबॉक्स म्हणजे पैसे पाण्यात. प्लेटा लेझरवर कापा, गिअर प्रिंट करा, निम्म्या खर्चात काम होतं. आणि रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे मोटरचे फेरे) जितका जास्त, तितका रोबो ताकदवान.’ ग्रिपरसारख्या हलक्या कामाला हे चालून जाईल. ड्राइव्हला, म्हणजे रोबोची चाकं फिरवणाऱ्या यंत्रणेला, नाही.

रेशोपासून सुरुवात करू, कारण बाकीचे आकडे तिथूनच निघतात. रोबो 25 किलोचा, चार रबरी चाकं 100 मिमी व्यासाची, चारही चालवलेली. एका चाकावर साधारण 61 न्यूटन भार. घर्षणांक 1 धरला, तरी 3 न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क (फिरवणारा जोर) दिला की चाक जागच्या जागी घसरतं. म्हणजे त्यापुढे वाढवलेला रेशो फक्त वेग खातो. सेकंदाला 2 मीटर हवे असतील तर चाक 382 आरपीएमने (मिनिटाला इतके फेरे) फिरायला हवं. लोडवर 4800 आरपीएम देणाऱ्या मोटरला 17 आणि 60 दातांच्या दोन जोड्या, रेशो 12.46. बास.

आता ‘गिअर प्रिंट करा’. चाकाला 3 न्यूटन-मीटर द्यायचे तर दुसऱ्या जोडीतल्या 17 दातांच्या, मोड्युल 1 च्या (दाताच्या आकाराचं माप) पिनियनच्या, म्हणजे लहान गिअरच्या, दातावर 100 न्यूटन येतात. दात 10 मिमी रुंद असला तरी मुळाशी ताण 33 मेगापास्कलच्या आसपास. रोबो पुढे जाता जाता उलटा घेतला की झटक्याने तोच दुप्पट होतो, आणि पीएलए, म्हणजे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, साधारण 50 ला हात टेकतं. पहिल्या पिनियनचं दुखणं वेगळंच: मोटरचा शाफ्ट तापतो, पीएलए 60 अंशांच्या सुमारास मऊ पडतं आणि पिनियन शाफ्टवर मोकळं फिरू लागतं.

मग ईएन-8 पोलादामध्ये कापून घेऊ? घ्या, पण मोजून घ्या. चार गिअरबॉक्स म्हणजे 16 गिअर, 16 बेअरिंग, 8 शाफ्ट, 8 प्लेटा, वर स्पेअर. पुण्याजवळच्या भोसरीतल्या गिअर कटिंगवाल्याला एका मापाचे 8 नग काय नि 100 काय, हॉबिंगचं (मशीनवर दात कापायचं) सेटिंग तेवढंच करावं लागतं. 8 नगांवर ते अंगावर येतं. शिवाय दोन्ही जोड्यांचं सेंटर अंतर 38.5 मिमी. ते कमी पडलं तर दात जाम होतात, म्हणून 0.05 मिमी जास्त ठेवा. लेझरचं भोक किंचित निमुळतं येतं, बेअरिंग तिरकं बसतं. 626 बेअरिंगसाठी (बाहेरचा व्यास 19 मिमी) 18.5 चं भोक कापा, दोन्ही प्लेटा एकत्र क्लॅम्प करा आणि एकाच सेटिंगमध्ये 19 ला बोअर करा. हे करून देणारा माणूस हाताशी नसेल तर ‘निम्मा खर्च’ विसरा.

विकतचा घेतला म्हणून सुटका होते असंही नाही. बाजारातल्या बऱ्याच गिअर मोटरना 6 मिमीचा डी-शाफ्ट (एका बाजूने सपाट) असतो. 3 न्यूटन-मीटरला त्याच्या परिघावर, 3 मिमी त्रिज्येवर, 1000 न्यूटन बल येतं आणि ते एका ग्रब स्क्रूच्या (बिनडोक्याच्या स्क्रूच्या) टोकावर सोडलेलं असतं. स्क्रू सैल होतो, सपाट भाग गोलावतो, चाक डुगडुगू लागतं. 10 मिमी शाफ्ट आणि 3×3 ची चावी (शाफ्टच्या खाचेत बसणारा धातूचा तुकडा) असलेला गिअरबॉक्स शोधा. नाहीच मिळाला तर चाकाला स्वतःचा 10 मिमी शाफ्ट आणि चेसिसवर दोन बेअरिंग द्या, गिअरबॉक्स कपलिंगने जोडा. म्हणजे रोबोचं वजन बेअरिंग पेलतात आणि गिअरबॉक्सला फक्त फिरवायचं काम उरतं.